हातचा न घेतलेली संख्या

रेडिओवरून मोठी संख्या सांगणे जोखमीचे असते. बोलणाऱ्याने सहा-सात अंक उच्चारले की ऐकणाऱ्याची पेन्सिल मागे पडते, आणि दहाव्या अंकाशी दोघांची चुकामूक होते. तरीही आज वीस अंकांची एक संख्या मी तुमच्यापुढे ठेवणार आहे, आणि ती नुसती ऐकून लिहिताना कोणाचाही अंक चुकणार नाही अशी माझी खात्री आहे. एकपासून दहापर्यंतचे आकडे ओळीने, मध्ये जागा न सोडता लिहा. दहा झाले की मागे वळा आणि नऊ, आठ, सात असे करीत पुन्हा एकपर्यंत उतरा. झाली संख्या. पुस्तिकेच्या वाचकांसाठी ती छापूनही देतो:

१२३४५६७८९१०९८७६५४३२१

भास्कराचार्यांनी 'लीलावती'त स्थानांची नावे दिली आहेत, त्यांतले शेवटचे नाव परार्ध. एकावर सतरा शून्ये दिली म्हणजे एक परार्ध. आपली संख्या एकशे तेवीस परार्धांच्या थोडी पुढे जाते. म्हणजे भास्कराचार्यांनी जेथे नावे देणे थांबवले, त्याच्याही ती दोन घरे पलीकडे आहे.

पण तिला आज बोलावले ते तिच्या आकारासाठी नव्हे. ही संख्या मूळ आहे. मूळ संख्या म्हणजे काय ते पाचवी-सहावीच्या मुलालाही ठाऊक असते: जिला १ आणि ती स्वतः यांखेरीज कोणत्याही पूर्ण संख्येने नि:शेष भाग जात नाही, ती मूळ, जिला जातो ती संयुक्त. २, ३, ५, ७, ११, १३ ही या घराण्यातली लहान मंडळी. आपली वीस अंकी संख्या त्याच घराण्यातली आहे. आता प्रश्न असा की, हे कळले कसे? कोणी तरी सांगितले म्हणून मान्य करायचे, की आपल्यालाही काही पडताळून पाहता येईल?

पडताळायला सुरुवात अगदी घरच्या घरी करता येते. शेवटचा अंक १, तेव्हा २ आणि ५ यांनी भाग जाण्याची बातच नको. ३ साठी अंकांची बेरीज करा. एक ते नऊ यांची बेरीज ४५, उतरतानाची पुन्हा ४५, आणि मधल्या दहाचा १, मिळून ९१. तिला ३ ने भाग जात नाही, म्हणून संख्येलाही जात नाही. (जाता जाता एक गंमत. हीच ९१ वर्गात फळ्यावर लिहा आणि ती मूळ की संयुक्त ते विचारा. निम्मा वर्ग मूळ म्हणून हात वर करील. ती ७ गुणिले १३ आहे.)

७, ११ आणि १३ यांच्यासाठी एक युक्ती शिक्षकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. या तिघांचा गुणाकार १००१ होतो. त्यामुळे हजाराला यांपैकी कोणीही भागले तरी बाकी एकाने कमी पडते, आणि म्हणून संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून ते एकाआड एक मिळवायचे आणि वजा करायचे, एवढ्याने तिघांचीही परीक्षा एकदम होते. आपले गट असे पडतात: १२, ३४५, ६७८, ९१०, ९८७, ६५४, ३२१. उजवीकडून पहिला, तिसरा, पाचवा आणि सातवा यांची बेरीज १९९८. दुसरा, चौथा, सहावा यांची १९०९. वजाबाकी ८९. या ८९ ला ७ ने भागले तर बाकी ५, ११ ने भागले तर १, आणि १३ ने भागले तर ११. तिघांपैकी एकाचेही काही चालले नाही.

येथवर ठीक. पण असे किती भाजक तपासायचे?

आमच्या जुहूच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी ओली वाळू पाटीसारखी सपाट होते. मुलांना मूळ संख्या शिकवायला याहून चांगली पाटी नाही. काठीने १ ते १०० आकडे लिहावेत. २ ठेवून त्याच्या पटीतले सारे पायाने पुसावेत. मग ३ च्या पटीतले, ५ च्या, ७ च्या. एवढ्यावर थांबले तरी चालते, कारण शंभराचे वर्गमूळ दहा, आणि संयुक्त संख्येचा निदान एक भाजक तरी तिच्या वर्गमुळापलीकडे असूच शकत नाही. एक पुसला की वाळूवर २५ आकडे उरतात, त्या शंभरापर्यंतच्या मूळ संख्या. ही इराटोस्थेनीसची चाळणी, ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातली, आणि अजून बिनतोड.

हीच चाळणी आपल्या संख्येला लावून बघा. तिचे वर्गमूळ सुमारे ३५१ कोटी भरते. तेवढ्यापर्यंतच्या मूळ संख्याच सोळा कोटींहून अधिक आहेत, आणि नियमाप्रमाणे त्या प्रत्येकीने भागून पाहायला हवे. मिनिटाला एक भागाकार या वेगाने, दिवसरात्र न थांबता एखादा माणूस बसला, तर त्याला तीनशे वर्षांवर लागतील. एवढे करून तो काय सांगणार? तर भाग गेला नाही. यंत्राला हे काम फार वेळचे नाही, हे खरे. पण संख्येत आणखी वीस अंक वाढवले की यंत्रही याच वाटेने अडते. तेव्हा मोठी संख्या मूळ आहे हे ओळखायला भागाकाराहून वेगळी वाट हवी. ती वाट सांगण्याआधी मात्र या संख्येच्या एका नातलगाची ओळख करून दिली पाहिजे, कारण ते नाते आपल्या अगदी घरचे आहे.

जुहूहून डोंबिवलीला जायचे म्हणजे विलेपार्ल्याला लोकल धरायची, दादरला पूल ओलांडायचा आणि मध्य रेल्वेच्या गाडीत शिरायचे. गर्दीत उभे राहायला जागा मिळाली तर नशीब. गणित सुचण्याचे ते ठिकाण नव्हे, असे कोणीही म्हणेल. पण जी. आय. पी. रेल्वेच्या दिवसांत मुंबईपासून तीस मैलांवरच्या याच स्टेशनात दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांना संख्यांचा एक नवा प्रकार सुचला, आणि स्टेशनच्या जुन्या नावावरून त्यांनी त्या संख्यांना 'डेमलो संख्या' असे नाव ठेवले. गणितातल्या संज्ञांना राजे-महाराजे, विद्यापीठे आणि विद्वान यांची नावे मिळालेली आपण ऐकतो. रेल्वे स्टेशनाचे नाव मिळाल्याचे उदाहरण मला तरी दुसरे माहीत नाही.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. शाळा ठाण्यात झाली, कॉलेज पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले, आणि १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. पुढे १९३० पासून १९६२ पर्यंत, निवृत्त होईतो, त्यांनी नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तरकी केली. पदव्युत्तर पदवी नाही, संशोधन-संस्थेतली जागा नाही. वही, पेन्सिल आणि अंकांची न संपणारी हौस एवढ्या भांडवलावर हा माणूस चाळीस-पन्नास वर्षे काम करीत राहिला. 'मॅथेमॅटिक्स स्टुडंट' या नियतकालिकात १९३८ साली त्यांनी 'अद्भुत डेमलो संख्यां'वर लिहिले, आणि १९४८ साली देवळालीहून या विषयावर पुस्तक काढले. हे काम म्हणजे पोरखेळ, असे म्हणणारे विद्वान आपल्याकडे होतेच. १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या 'सायंटिफिक अमेरिकन'मधून कापरेकरांविषयी लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर झाले. त्या वेळी मास्तर सत्तरीचे होते. १९८६ साली ते देवळालीतच वारले. ६१७४ या त्यांच्या प्रसिद्ध संख्येची गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे, म्हणून ती येथे सांगत नाही. आज काम आहे ते अद्भुत डेमलो संख्यांशी.

११ ला ११ ने गुणा: १२१. १११ ला १११ ने गुणा: १२३२१. ११११ चा वर्ग १२३४३२१. असे करीत नऊ एकांच्या संख्येपर्यंत गेलात की वर्ग येतो १२३४५६७८९८७६५४३२१. याच अद्भुत डेमलो संख्या. असे का होते ते आपल्या जुन्या पद्धतीने गुणाकार मांडला की डोळ्यांना दिसते. प्रत्येक ओळीत नुसते एक. एकेक घर सरकवून खाली लिहिलेले. उजवीकडच्या रकान्यात एकच १, त्याच्या डावीकडे दोन, मग तीन, असे रकाने चढत जातात आणि मध्यावरून उतरू लागतात. बेरीज ९ च्या आत असेपर्यंत हातचा येत नाही आणि रूप बिघडत नाही.

आता दहा एकांची संख्या घ्या. मधल्या रकान्यात बेरीज दहा आली. शून्य लिहायचे आणि हातचा एक. शेजारच्या नवात तो मिळवला की पुन्हा दहा. पुन्हा शून्य आणि पुन्हा हातचा एक. तो आठात गेला. वर्ग झाला १२३४५६७९००९८७६५४३२१. आठाचा पत्ता नाही, मध्ये दोन शून्ये. देखणेपण गेले.

पण समजा, हातचा न घेण्याचा हट्ट धरला. दहा आले तर सरळ दहाच लिहायचे, एक आणि शून्य, दोन्ही अंक शेजारी-शेजारी. कोणत्याही मास्तरांनी यावर लाल फुली मारली असती. पण मग जी संख्या कागदावर येते, ती हीच आपली, एकपासून दहापर्यंत चढून उतरलेली. आणि येथे गणिताने केलेली मौज पाहा. हातचा घेऊन नीट लिहिलेली संख्या १११११११११ आणि आणखी एक १, अशा दहा एकांचा वर्ग आहे, त्या एकांच्या संख्येचे भाजक ११, ४१, २७१ आणि ९०९१ आहेत, म्हणजे ती चांगली फुटलेली. हातचा न घेता लिहिलेली मात्र अजिबात फुटत नाही.

यात एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. नऊपर्यंतच्या डेमलो संख्या संयुक्त आहेत हे सांगायला काही तपासावे लागत नाही. त्या वर्ग करूनच जन्माला आल्या. नऊ एकांच्या संख्येचे ९, ३७ आणि ३३३६६७ असे तुकडे पडतात, तेच तुकडे दुप्पट होऊन तिच्या वर्गात बसलेले असतात. आपली संख्या कोणत्याही गुणाकारातून आलेली नाही. ती नुसती लिहिलेली आहे. तिचे रूप डेमलो संख्येसारखे असले तरी त्या रूपावरून तिच्या पोटात काय आहे ते कळत नाही. खात्री हवी तर आणखी एक पायरी चढा. एकपासून अकरापर्यंत जा आणि उतरा: १२३४५६७८९१०१११०९८७६५४३२१. तीन-तीन अंकांचे गट पाडा आणि वरची युक्ती लावा. एका बाजूला १८६५ येतात, दुसऱ्या बाजूला १६७६. वजाबाकी १८९, म्हणजे सात गुणिले सत्तावीस. सातानेच तिचा निकाल लावला! दहाची मूळ आणि अकराची नाही. रूप तर दोघींचे सारखेच.

तेव्हा 'काय हा चमत्कार' म्हणून कोणी या संख्येचे यंत्र करून दारावर लावू नये. वीस अंकांच्या या परिसरात सरासरीने दर चव्वेचाळीस संख्यांमागे एक मूळ असते. १, ३, ७, ९ यांत शेवट होणाऱ्या तेवढ्याच घेतल्या, तर सतरा-अठरांत एक. लक्षात राहील अशी एखादी संख्या मूळ निघावी यात नवल थोडेच आहे. मौज आहे ती आपल्याला तिचे मूळपण कळते यात.

आता ती दुसरी वाट. १६४० साली फर्मा नावाच्या फ्रेंच गृहस्थाने एक नियम पत्रातून कळवला. पेशाने हा कायद्याच्या कचेरीतला माणूस. गणित ही त्याची फावल्या वेळची आवड. नियम असा: विषम मूळ संख्या घ्या, तिच्याहून एकाने कमी इतक्या वेळा दोन घेऊन त्यांचा गुणाकार करा, आणि मूळ संख्येने भागा, बाकी नेमकी १ उरते. ७ घ्या. सहा वेळा दोनांचा गुणाकार ६४. सात नवे त्रेसष्ट, बाकी १. आता ९ घ्या. आठ वेळा दोनांचा गुणाकार २५६. नवाने भागले तर बाकी ४. म्हणजे ९ मूळ नाही, आणि हे आपण तिला तीनाने न भागताच सांगितले. नियमाची सारी खुबी येथे आहे. भाजक न सापडताही संख्या संयुक्त असल्याचे पकडता येते.

आपल्या संख्येसाठी दोनांचा एवढा अवाढव्य गुणाकार कोण करणार, असे तुम्ही म्हणाल. पण तो एकेक दोन लावून करायचाच नाही. वर्ग करायचा, आपल्या संख्येने भागून बाकी तेवढी ठेवायची, त्या बाकीचा पुन्हा वर्ग. मधूनमधून एकदा दुप्पट. असे त्रेसष्ट वर्ग केले की काम संपले. कुठे सोळा कोटी भागाकार आणि कुठे त्रेसष्ट वर्ग! देवळालीच्या मास्तरांसारखा चिकट माणूस एका दिवाळीच्या सुट्टीत, कागदाचा गठ्ठा घेऊन, एवढे हाताने करू शकेल. बाकी शेवटी १ उरते.

पण थांबा, येथे एक खाचखळगा आहे. मूळ असेल तर बाकी १ उरते, हे खरे. बाकी १ उरली म्हणून ती मूळच, हे मात्र खरे नव्हे. ३४१ पाहा. ती आहे ११ गुणिले ३१. पण दहा वेळा दोनांचा गुणाकार १०२४, आणि त्याला ३४१ ने भागले तर १०२३ जाऊन बाकी १ उरते. म्हणून ३४० वेळा दोन घेतले तरी बाकी १ च. ३४१ मूळ संख्येचा वेष घेऊन परीक्षेतून पार झाली. दोनाऐवजी तीन घेऊन तपासली तर पकडली जाते, पण काही भामट्या संख्या त्याहून तयारीच्या असतात. म्हणून गणित्यांना आणखी कडक कसोट्या शोधाव्या लागल्या.

भाजक न सांगता संयुक्त म्हणणे हे ऐकायला विचित्र वाटते, पण त्याचे एक गाजलेले उदाहरण आहे. ६७ वेळा दोनांचा गुणाकार करून एक वजा केला की १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ ही संख्या येते. आपल्या संख्येहून एकच अंक मोठी. मर्सेन नावाच्या फ्रेंच धर्मोपदेशकाने १६४४ मध्ये ती मूळ असल्याचे लिहून ठेवले होते. १८७६ साली ल्यूका याने सिद्ध केले की ती मूळ नाही. पण तिचे भाजक त्यालाही सांगता येईनात. सत्तावीस वर्षे ही स्थिती राहिली. मग १९०३ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कला अमेरिकन गणित परिषदेची सभा भरली, आणि कोल नावाचे प्राध्यापक व्याख्यानाला उभे राहिले. ते एक शब्द बोलले नाहीत, असे सांगतात. फळ्याच्या एका बाजूला त्यांनी दोनाचा सदुसष्टावा घात काढून त्यातून एक वजा केला. दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ या दोन संख्या लिहून त्यांचा गुणाकार हाताने पुरा केला. दोन्ही उत्तरे एकच आली. कोल जागेवर जाऊन बसले आणि सभेने टाळ्यांचा कडकडाट केला. हे भाजक शोधायला तीन वर्षांचे रविवार लागले, असे त्यांनी नंतर सांगितल्याची गोष्ट आहे. शिक्षकहो, हा गुणाकार वरच्या वर्गातल्या मुलांकडून एकदा करून घ्या. अर्धा तास पुरतो. शोधायला तीन वर्षे आणि पडताळायला अर्धा तास, हे अंतर मुलांच्या हाताला कळते.

दोनाच्या घातातून एक वजा केलेल्या या संख्यांना मर्सेनच्या संख्या म्हणतात, आणि मोठ्या मूळ संख्यांचे विक्रम बहुधा त्यांच्यातच होतात, कारण त्यांच्यासाठी ल्यूकाने दिलेली खास कसोटी आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात जी जाहीर झाली तिच्यात दोनाचा घात १३,६२,७९,८४१ आहे आणि अंक ४,१०,२४,३२०. आपली वीस अंकी संख्या जुहूच्या वाळूवर, एका अंकाला एक वीत जागा देऊन लिहिली, तर पंधरा फुटांत मावते. ही नवी त्याच अक्षरात लिहायला घेतली तर मुंबईहून हावड्यापर्यंत रेल्वेच्या रस्त्याने दोनदा जाऊन दोनदा परत यावे लागेल, आणि तरी अंक शिल्लक राहतील.

मूळ ओळखण्याची अशी वाट, जी कोणत्याही संख्येला लागू पडते, जिच्यात नशिबाचा भाग नाही, सिद्ध न झालेल्या कोणत्याही तर्काचा आधार नाही, आणि अंक वाढले तरी जिचे काम हाताबाहेर जात नाही, ती आहे का, हा प्रश्न बराच काळ पडून होता. त्याचे उत्तर भारतात मिळाले. ऑगस्ट २००२ मध्ये कानपूरच्या आय. आय. टी. तले प्राध्यापक मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे दोन तरुण विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी ती वाट दाखवली. दोघेही विद्यार्थी त्याच वर्षी पदवी घेऊन बाहेर पडलेले. फर्माच्या नियमाचेच त्यांनी असे रूप काढले की ३४१ सारख्या भामट्यांना त्यातून निसटताच येत नाही. रोजच्या कामाला गणिती अजून इतर जलद कसोट्या वापरतात हे खरे. पण अशी वाट आहे की नाही, या वादाला तेथे पूर्णविराम मिळाला.

हे सारे आपल्या काय उपयोगाचे, असे कोणी विचारले तर खिशातला फोन दाखवावा. फोनवरून बँकेशी व्यवहार करताना आपला मजकूर वाटेत कोणी वाचू नये म्हणून त्याला कुलूप घालतात. त्या कुलुपांतला एक फार वापरला गेलेला प्रकार रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन या तिघांनी १९७७ साली शोधला. सुमारे तीनशे-तीनशे अंकांच्या दोन मूळ संख्या घ्यायच्या, त्यांचा गुणाकार उघड जाहीर करायचा आणि त्या दोघी लपवून ठेवायच्या. मूळ संख्या हुडकणे सोपे, कारण कसोट्या जलद आहेत. गुणाकार करणे सोपे. पण झालेला गुणाकार फोडणे महाकठीण. कोल यांच्या फळ्यावरचेच अंतर, फक्त फार ताणलेले. २०२० साली २५० अंकांचा असा एक गुणाकार फोडण्यात आला, तेव्हा संगणकाच्या एका गाभ्याला २७०० वर्षे पुरेल एवढे काम अनेक यंत्रांत वाटून करावे लागले. सहाशे अंकांपाशी अजून कोणी पोचलेले नाही.

शेवटी पुन्हा कापरेकरांच्या एकांकडे येऊ, कारण वर्गात करून पाहण्यासारखे काम तेथेच अधिक आहे. नुसत्या एकांची संख्या मूळ केव्हा असते? एकांची गणती संयुक्त असेल तर कधीच नाही. सहा एक घ्या: ते तीन-तीनांच्या दोन गटांत बसतात, म्हणून १११ ने भाग जातोच. गणती मूळ असली तरी भरवसा नाही. १११ म्हणजे ३ गुणिले ३७. पाच एक म्हणजे ४१ गुणिले २७१. सात एक म्हणजे २३९ गुणिले ४६४९. ११ एकांची फुटते, १३ ची फुटते, १७ ची २०७१७२३ आणि ५३६३२२२३५७ अशी दोन तुकड्यांत फुटते. आणि १९ एकांची एकाएकी मूळ निघते! त्यानंतर २३ एकांची. मग एकदम ३१७ एकांची, जिचे मूळपण १९७७ साली सिद्ध झाले; आणि १०३१ एकांची, जी १९८६ मध्ये, कापरेकर गेले त्याच वर्षी, पक्की झाली. ४९०८१ एकांच्या संख्येचा निकाल लागायला २०२२ साल उजाडावे लागले. ही रांग कुठे संपते की संपतच नाही, हे अजून कोणालाही सिद्ध करता आलेले नाही. आपल्या वर्गातल्या मुलांना हा प्रश्न जरूर सांगा. तो मांडायला एक या अंकाखेरीज काहीही लागत नाही.